ईयोबाच्या उजव्या हाताची बोटे

गुरुवार, १२ ऑक्टोबर २०१७ रोजी सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी मी आमच्या लुनहेडे गावच्या चर्चमधील ईयोबाच्या उजव्या हाताची बोटे भिंगातून मोजली. ती पाच भरली आणि पाचही धडधाकट होती. त्यांतली दोन वाकडी आहेत, असे मी कळू लागल्यापासून मानत आलो होतो आणि गेली बावीस वर्षे तसे छापून वाटतही होतो.

चित्र उत्तरेकडील भिंतीवर आहे. कॅनव्हासवर तैलरंग, उंची दोन मीटर दहा, रुंदी एक मीटर साठ, साल १८६८. राखेच्या ढिगावर बायबलातला ईयोब बसला आहे. त्याची गुरे गेली, मुले गेली, टाळूपासून तळव्यापर्यंत गळवे उठली. आणि समोर आहेत त्याचे सांत्वन करायला आलेले तीन मित्र. चित्रकार कोपनहेगनचा. तो एक उन्हाळाभर पाद्र्यांच्या घरी राहिला आणि नमुना म्हणून समोर बसवायला त्याने गावातलेच शेतकरी निवडले. त्यामुळे या चौघांनी अंगरखे पूर्वेकडचे घातले असले, तरी त्यांच्या गालांवरचा वारा आमच्या पश्चिम जटलंडचाच आहे.

यांतला ईयोब म्हणजे माझे खापरपणजोबा क्रेस्टेन टोफ्टडाल, ही आमच्या घराण्याची श्रद्धा. तिला आधार होता हाताचा. आमच्या घराण्यातील पुरुषांची अनामिका आणि करंगळी चाळिशीनंतर तळहाताकडे वळू लागतात आणि पुन्हा सरळ होत नाहीत. लोक त्यांना गाडीवानाची बोटे म्हणतात, कारण हात कायम लगाम धरल्यासारखा दिसतो. माझा उजवा हात तसाच आहे. ईयोबाचा उजवा हातही काळवंडलेल्या वार्निशाखाली मुठीसारखा वळलेला दिसे. मी सहा वर्षांचा असताना वडिलांनी बाकावरून त्याच्याकडे बोट दाखवून म्हटले होते, "हा आपला क्रेस्टेन. सगळं गेलं, पण तक्रार केली नाही." तेव्हापासून मी त्या हाताकडेच पाहत आलो.

पुढे निवृत्त झाल्यावर चर्चच्या इमारतीची देखरेख माझ्याकडे आली आणि मी त्या श्रद्धेला शिस्त लावली. होर्सेन्सच्या तंत्रविद्यालयात चार वर्षे इमारती गरम ठेवणारी तापयंत्रणा शिकलेला माणूस श्रद्धा नुसती बाळगत नाही. तो तिचे कोन मोजतो. अनामिका ६८ अंश, करंगळी ७४ अंश. आठ पानांचे पत्रक तयार झाले: दोन तक्ते, एक आकृती, आणि शेवटच्या पानावर उजेडात काढलेले माझ्या स्वतःच्या हाताचे छायाचित्र. चर्चच्या दाराशी ते ठेवलेले असे आणि उन्हाळ्यात येणाऱ्या पाहुण्यांना मी ते तोंडीही सांगत असे. तिन्ही मित्रांना मिळून पत्रकात पाच ओळी होत्या. तिसऱ्याबद्दल एकच शब्द: अस्पष्ट.

माझी पत्नी गुडरुन हे पत्रक छापून आले त्या दिवशी म्हणाली होती, "ज्या घराण्यातल्या एकाही माणसाला पाव भाजून होईपर्यंत धीर धरवत नाही, त्या घराण्यात म्हणे ईयोब जन्मला."

आता चित्र स्वच्छ करायला संग्रहालयातून रिक्के आली होती. पस्तिशीची, डोक्याला दिवा बांधलेली मुलगी. काडीच्या टोकाला कापूस गुंडाळायची, तो जिभेवर ओला करायची आणि एका वेळी टपाल तिकिटाएवढा भाग पुसायची.

"थुंकीने?" मी पहिल्या दिवशी विचारले होते.

"थुंकीनेच. याहून चांगलं अजून कुणी काही बनवलेलं नाही."

मी वहीत तिचे वापरलेले बोळे मोजून लिहीत असे. कशासाठी, ते तिने विचारले नाही. विचारले असते तर मला सांगता आले नसते. त्या गुरुवारी सेहेचाळिसावा बोळा टाकून ती म्हणाली, "आन्सगर, जरा वर या. तुमच्या आजोबांच्या हातात काहीतरी आहे."

"खापरपणजोबांच्या," मी दुरुस्ती केली आणि परांचीवर चढलो.

त्यांच्या हातात खापरी होती. फुटक्या मडक्याचा तुकडा, लालसर, कडेला उजेडाची बारीक रेघ. बोटे वळली होती ती खापरी धरण्यासाठी. गळवे खाजवण्याकरिता ईयोबाने खापरी घेतली, हे बायबलात स्वच्छ लिहिलेले आहे. ते मी किमान शंभरदा वाचले आहे. बावीस वर्षे या हातावर व्याख्याने देणाऱ्या माणसाला हातात खापरी असू शकेल हे एकदाही सुचले नव्हते. मी भिंग मागितले आणि बोटे मोजली. निष्कर्ष वर दिलाच आहे.

"वाईट वाटलं का?" रिक्केने विचारले.

"मोजमापात फरक पडला," मी म्हणालो.

त्या आठवड्यात मला ज्याच्याशी हे बोलावेसे वाटत होते तो माणूस माझ्याशी बोलत नव्हता. त्याचे नाव व्हेर्नर. गावच्या शाळेत मास्तर आणि चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारा. घर माझ्या घरापासून कुंपणापलीकडे. १९६५ पासून दर बुधवारी सकाळी साडेनऊ वाजता मी त्याच्या स्वयंपाकघरात कॉफी प्यायला जात असे. व्हेर्नर खिडकीकडे, त्याची बायको एल्सेबेट खोली तापवणाऱ्या गरम पाण्याच्या रेडिएटरशेजारी, मी दाराकडे. या व्यवस्थेत बावन्न वर्षांत बदल झाला तो एकदाच: ३ मार्चला एल्सेबेट गेली.

मग मी त्याला मदत केली. हे वाक्य लिहिताना आज मला पेन्सिल जड वाटते. मी बुधवारची वाट न पाहता रोज जाऊ लागलो. दुसऱ्या आठवड्यात चौदा कलमांची यादी टंकून, प्लॅस्टिकच्या आवरणात घालून त्याच्या टेबलावर ठेवली. कलम तीन: दुपारी झोपू नये. कलम चार: राय-पावाबरोबर रोज काहीतरी गरम खावे. कलम सहा: सर्व रेडिएटरांतील हवा काढणे, कारण गुडगुडणारा रेडिएटर भट्टीचे तेल वाया घालवतो. कलम अकरा: एल्सेबेटचे कपडे मेअखेर निकाली काढणे. प्रत्येक कलमापुढे खूण करायला चौकोन होता. व्हेर्नर ती यादी पाहून फक्त "हं" म्हणाला. आमच्या भागात "हं"चे पुष्कळ अर्थ होतात. मी त्यातला सोयीचा घेतला.

बुधवार, १२ एप्रिल. व्हेर्नर मागच्या दारी लाकडे आणायला गेला होता. एकाही चौकोनात खूण दिसेना, म्हणून मी स्वतः रेडिएटरची किल्ली काढून कलम सहा उरकले. स्वयंपाकघरातला रेडिएटर शेवटचा. त्यातून चांगली दोन मिनिटे हवा निघाली. व्हेर्नर लाकडे घेऊन आत आला आणि मधोमध उभा राहिला, मान एका बाजूला कलती करून, ऑर्गनचा एखादा स्वर लागत नसला की करायचा तशी. मग म्हणाला, "आन्सगर, उद्या येऊ नकोस."

"बरं. परवा?"

"परवाही नको."

मला वाटले, कलम अकरा त्याला लागले. म्हणून मी घरी जाऊन "मे"च्या जागी "ऑगस्ट" केले आणि सुधारित यादी त्याच्या टपालपेटीत टाकली. तिचे उत्तर आले नाही. ऑक्टोबरच्या त्या गुरुवारपर्यंत सव्वीस बुधवार कोरडे गेले होते. कुंपणावरून दिसला तर तो हात वर करी. बस, तेवढेच. तो चर्चला येईनासा झाला. ऑर्गन शेजारच्या गावची मुलगी वाजवू लागली.

मंगळवार, १७ ऑक्टोबरला रिक्के चित्राच्या उजव्या, अस्पष्ट भागापर्यंत पोचली. तिने आधी काळोखाच्या कडेवरून हवेत बोट फिरवले. "हे बघा. हा मळ सगळीकडे सारखा नाही. खालून धुराच्या लोटासारखा वर चढलाय. बरोबर त्या तिसऱ्या माणसावर." मग ती परांचीवरून वाकून खाली पाहू लागली. चित्राच्या उजव्या कोपऱ्याखाली, साठ सेंटिमीटरवर, भिंतीत गरम हवेची जाळी आहे. "ही जाळी इथे कुणी बसवली?"

"१९७४ साली बसवली."

"कधी ते नाही विचारलं. कुणी?"

"हवेच्या वेगाचं गणित बरोबर होतं," मी म्हणालो.

ती माझ्याकडे पाहत राहिली. डोक्यावरचा दिवा माझ्या डोळ्यांत होता. "आन्सगर," ती म्हणाली, "तुम्ही त्रेचाळीस वर्षं या माणसाला धुरी देताय."

दुपारपर्यंत त्रेपन्न बोळे लागले. आधी बाही बाहेर आली, मग मनगट, मग हात. तिसरा मित्र ईयोबाला काहीतरी समजावून सांगत होता. तर्जनी पुढे ताणलेली, मधले बोट तिच्यामागे, आणि अनामिका व करंगळी तळहातात घट्ट वळलेली. त्याच्या हातात खापरी नव्हती, लगाम नव्हता, काहीच नव्हते. साडेतीनच्या सुमाराला नाक आले. ते नाक मी रोज सकाळी दाढी करताना पाहतो.

रिक्के चित्राकडे पाही, माझ्याकडे पाही. शेवटी म्हणाली, "एक सांगू? रागावू नका. तुम्ही आत्ता माझ्याकडे कसं बोट दाखवताय ते बघा."

मी तिला खालच्या कडेला राहिलेला एक डाग दाखवत होतो. मी हात खिशात घातला.

रविवार, २२ ऑक्टोबर. प्रार्थनेनंतर चर्चशेजारच्या दालनात कॉफी आणि लोणी लावलेले बन होते. त्याआधी सगळ्यांनी परांचीखाली उभे राहून चित्र पाहिले. आमच्या पाद्रीणबाई योर्गिने यांनी त्या दिवशी मुद्दाम ईयोबाचा दुसरा अध्याय वाचला होता. रिक्केने खुलासा केला. मी म्हणालो, "पत्रकात दुरुस्ती करावी लागेल." कुणाच्याही चेहऱ्यावर आश्चर्य उमटले नाही. तेव्हा मला शंका आली.

एक्याण्णव वर्षांच्या आस्ताबाई बन चावता चावता म्हणाल्या, "ते तर मला ठाऊकच होतं."

"काय ठाऊक होतं?"

"की बोटवाला तुमचा क्रेस्टेन आहे म्हणून. तू ती भट्टी बसवण्याआधी चांगलं दिसायचं. माझी आजी सांगायची, चित्रकाराने क्रेस्टेनला पहिल्या दिवशी ईयोब म्हणून राखेत बसवलं. दुपारपर्यंत त्याने चित्रकाराला रंग कसा घोटावा ते तीनदा सांगितलं. मग त्याला उठवून समोरच्या मित्रांत बसवलं."

"हे तुम्ही कधी बोलला नाहीत!"

"तू छापून आणलं होतंस ना." आस्ताबाईंनी कपाकडे पाहिले. "छापलेलं. तक्त्यांसकट. उगीच कशाला."

मी इतरांकडे पाहिले. सगळे आपापल्या कपात पाहत होते. आमच्या गावात दुसऱ्याची चूक दाखवणे हे चूक करण्यापेक्षा वाईट समजतात; त्या सभ्यतेच्या सावलीत मी बावीस वर्षे भाषणे ठोकली होती. पहिले हसू गुडरुनला फुटले. मग सगळ्यांना. मीही हसलो, पण दोन-तीन सेकंद उशिराने.

पाद्रीणबाई माझ्याशेजारी येऊन बसल्या. "फार लावून घेऊ नका, आन्सगर. त्या तिघांनी सुरुवात चांगली केली होती. सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले आणि कुणी एक शब्द बोललं नाही. बिघडलं ते तोंड उघडल्यावर." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "व्हेर्नर घर विकायला काढतोय, कळलं का? शुक्रवारी फोटो काढायला माणूस येणार आहे. मुलीकडे चाललाय, ओडेन्सला. म्हणतो, घरात राहवत नाही."

मला कळलेले नव्हते. ओडेन्स आमच्यापासून दोनशे किलोमीटरवर आहे. तिथून कुंपणावरून हात वर करता येत नाही.

घरी येताना मी गुडरुनला म्हणालो, "मी त्याला भेटून घर न विकण्याची कारणं नीट मांडतो. चार-पाचच."

गुडरुन रस्त्यातच थांबली. "अरे, आत्ता तासाभरापूर्वी तुझा पणजोबा तुला भिंतीवरून काय सांगत होता?"

"खापरपणजोबा."

"बघ!"

बुधवार, २५ ऑक्टोबरला सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी तिने दारात माझे खिसे तपासले. वही, पेन्सिल, मोजपट्टी आणि पत्रकाची एक प्रत काढून घेतली. "तिथे जायचं. बसायचं. गप्प राहायचं. जमेल?"

"किती वेळ?"

"त्याने जा म्हणेपर्यंत."

व्हेर्नरने दार उघडले आणि माझ्या हातांकडे पाहिले. "काय आणलंस?"

"काही नाही."

"फाईल?"

"नाही."

तो बाजूला झाला. मी माझ्या जागेवर, दाराकडे बसलो. त्याने कॉफी ओतली, दोन कप. रेडिएटरशेजारची खुर्ची रिकामी होती. घड्याळात नऊ एकतीस.

एखाद्या मनुष्याला बोलायचे नसेल तर स्वयंपाकघरात पाहण्यासारखे किती असते, याची मला कल्पना नव्हती. भिंतीवरच्या कॅलेंडरचे पान मार्चवर होते. दुधाच्या डब्यावरची तारीख उलटून चार दिवस झाले होते. खिडकीची पट्टी सुटली होती. थर्मोस्टॅट पाचावर, म्हणजे शेवटच्या आकड्यावर होता, आणि तोही निष्कारण. प्रत्येक गोष्टीला माझ्या मनात आपोआप क्रमांक पडत होता आणि मी तो कॉफीबरोबर गिळत होतो. नऊ बावन्नला मी सातव्या क्रमांकावर होतो आणि घोटभर कॉफी उरली होती.

"कॅलेंडर बघतोयस," व्हेर्नर म्हणाला.

मी मान डोलावली.

"आणि दूध."

पुन्हा डोलावली.

"बोलणार नाहीस?"

मी मान हलवली.

त्याने मला नीट न्याहाळले. "अरे, डॉक्टरकडे जाऊन आलास का? काही निघालं का तुझ्यात?"

तेव्हा मात्र मला सांगावे लागले. मी त्याला खापरी सांगितली, जाळी सांगितली, बोट सांगितले. नाकापर्यंत आलो तेव्हा त्याच्या खांद्यांना हादरे बसू लागले होते. मार्चनंतर तो हसताना मला प्रथमच दिसला. ते हसू माझ्यावर होते, आणि मला अगदी चालले.

"मी सहासष्ट सालापासून वर ऑर्गनपाशी बसतोय," तो डोळे पुसत म्हणाला. "समोरच तो. दर रविवारी. मी एल्सेबेटला म्हणायचो, बघ, आन्सगर आज भिंतीवर काय सांगतोय."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू कधी विचारलंस? तू सांगत होतास."

मग बराच वेळ दोघेही बोललो नाही. या वेळी मला त्यासाठी काही करावे लागले नाही. घर फार शांत होते. इतके, की घड्याळाचा काटा सरकण्याआधी घेतो तो ताणही ऐकू येत होता. व्हेर्नर रिकाम्या खुर्चीकडे पाहत होता. नाही, खुर्चीकडे नाही. तिच्यामागे पाहत होता.

"कलम सहा," तो म्हणाला.

"काय?"

"तुझ्या यादीतलं. हा रेडिएटर बोलायचा, आठवतं? सकाळी तेल पेटलं की गुडगुड सुरू. ती इथे बसून पेपर वाचायची आणि म्हणायची, 'हो रे बाबा, ऐकतेय.' चाळीस वर्षं, रोज. ती गेली, तरी याला कुठे कळलं होतं? हा आपला सकाळी सुरू. मग मी म्हणायचो, 'हो, ऐकतोय.' तेवढ्यावर दिवस निघायचा." त्याने कप बशीत फिरवला. "आणि मग तू आलास. किल्ली घेऊन."

मी रेडिएटरकडे पाहिले. निर्दोष होता. वरपासून खालपर्यंत सारखा गरम, आवाज शून्य. उत्कृष्ट काम.

"तेव्हाच बोलला का नाहीस?"

"काय बोलू? की मी रेडिएटरशी गप्पा मारतो? तू त्याचं पंधरावं कलम केलं असतंस."

ते खरे होते. मी केले असते.

"सप्टेंबरात परत पेटवल्यावर सुरू होईल असं वाटलं होतं," तो म्हणाला. "नाही झालं. मी स्वतः काय काय फिरवून बघितलं. जमिनीवर पाणी आलं, आवाज नाही. तू काम पक्कं करतोस." मग खिडकीबाहेर पाहत: "घरात आवाज नाही रे. म्हणून म्हटलं, जावं मुलीकडे."

घर न विकण्याची माझ्याकडे पाच कारणे होती. रविवारी त्यांचा क्रमही लागला होता. मी त्यांतले एकही सांगितले नाही. मी उठलो आणि घराच्या किल्ल्यांचे जुडगे काढले. गुडरुनने बाकी सगळे घेतले होते. पण रेडिएटरची किल्ली त्या जुडग्यात असते, हे एकावन्न वर्षांच्या संसारातही तिच्या लक्षात आलेले नाही.

"मापाचा जग आहे का?" मी विचारले.

"एल्सेबेटचा आहे. केकचा."

होर्सेन्सला चार वर्षे आणि पुढे नोकरीत अडतीस वर्षे मी यंत्रणेतून हवा बाहेर कशी काढावी हेच केले. ती आत कशी घालावी यावर अभ्यासक्रमात एक ओळ नव्हती. अशी मागणी कुणी केली असती, तर मी त्याला दुसऱ्याकडे पाठवले असते. मी दोन्ही व्हॉल्व्ह बंद केले, खालचे झाकण सैल केले, वरचे छिद्र उघडले. पाणी काळे होते. व्हेर्नर गुडघ्यावर बसून जग धरत होता; अठ्ठ्याहत्तर आणि ऐंशी वर्षांची दोन माणसे, जमिनीवर.

"किती काढायचं?"

"माहीत नाही," मी म्हणालो. हे शब्द त्याने माझ्या तोंडून याआधी ऐकले नसावेत, कारण जग हलला आणि थोडे सांडले.

अर्ध्या लिटरवर झाकण आणि छिद्र बंद केले, व्हॉल्व्ह उघडले, वाट पाहिली. काही नाही. एका लिटरवर बारीक शीळ आली.

"छे. हे तर आगगाडीसारखं."

मी पुन्हा किल्ली फिरवली. एक लिटर दोनशेवर आवाज आला, पण व्हेर्नरने मान कलती केली आणि म्हणाला, "जवळपास आहे. ती म्हणाली असती, याला सर्दी झालीय." आणखी थोडे काढले. पाणी परत आत शिरू लागले. आधी एक ठोका, मग वरच्या कोपऱ्यात काहीतरी लोळले, थांबले, आणि एखाद्या म्हाताऱ्या माणसाने बोलण्याआधी घसा साफ करावा तसे सावकाश, खालपर्यंत गुडगुडत गेले.

व्हेर्नर जमिनीवरच बसून राहिला. त्याने हात रेडिएटरवर ठेवला.

"हो," तो म्हणाला. "ऐकतोय."

अशा अवस्थेतला रेडिएटर तेल वाया घालवतो. किती, ते मला टक्क्यांत सांगता आले असते. मी जग रिकामा केला, धुतला आणि पालथा घातला.

निघताना तो दारापर्यंत आला. "पुढच्या बुधवारी येताना दूध घेऊन ये. माझं खराब झालंय. तुला सकाळपासून माहीत आहे."

"आणि शुक्रवारी तो फोटोवाला?"

"त्याला फोन करतो."

आकडा विसरण्याआधी लिहून ठेवायला हवा होता, पण वही गुडरुनकडे होती. मी परत आत गेलो, व्हेर्नरची पेन्सिल घेतली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरावर, मार्चच्याच पानाच्या कडेला, लिहिले. त्याने नको म्हटले नाही.

भरलेली हवा: एक लिटर चारशे मिलिलिटर.